ओरोसला अडलेला कीबोर्ड

१

कावेरीचा कीबोर्ड ओरोसला भर परीक्षेत अडला, आणि मालवणात आमच्या पडवीत आणून जोडला तर काही झालंच नाही असा चालू लागला.

"काका, आईशपथ सांगतंय, बटणां दाबली काय थंयच बसत होती," कावेरी रडत म्हणाली. "वरच येय नाय होती."

मी तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि मनात म्हटलं, बाई गं, आता तर येतायत! उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस मी. तिकीट न काढता बसलेला प्रवासी सगळ्यात आधी रडतो, हे मला कोणी शिकवायला नको. पेपर वाईट गेला आणि खापर कीबोर्डावर फोडलं, अशी माझी पहिली शंका होती. ती मी तोंडावर आणली नाही, कारण शेजारी शर्मिष्ठा उभी होती.

शर्मिष्ठा माझी बायको. आमच्या पुढच्या खोलीत तिचा टायपिंगचा क्लास चालतो. क्लासात ती पुस्तकातलं मराठी बोलते, आणि मालवणीवर आली की समजायचं, आता कोणाची तरी धडगत नाही. त्या दुपारी ती अजून मराठीतच होती.

"कावेरी, रडणं बंद कर. पहिल्यापासून सांग. सुरुवातीला कसा चालला?"

"चालत होतो. पण आवाज बसलेलो होतो, काकू. पयल्या अक्षरापासून. माका काय कळाकच नाय, अक्षर पडला काय नाय ता. मगे बटणां जड झाली आणि मगे अडाकच लागली."

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार नऊच्या मे महिन्यात, ओरोसच्या एका सरकारी कार्यालयात लिपिकांची भरती होती. टायपिंगच्या परीक्षेला कीबोर्ड आपापला न्यायचा, अशी पद्धत. आमच्या क्लासातून तिघं बसली होती: दांडीची कावेरी कुबल, आचऱ्याचा प्रितम आणि आंबोलीहून आमच्याकडे राहायला आलेली उर्वशी. कावेरीची वयाची अट यंदा संपत होती. हुकलं तर पुढच्या वर्षी तिला अर्जसुद्धा भरता येणार नव्हता, मग आईबरोबर मासळीची पाटी ठरलेली.

ओरोसला शर्मिष्ठा थेट साहेबाच्या खोलीत घुसली होती. साहेब म्हणाला, "आपला कीबोर्ड, आपली जबाबदारी. मात्र दुसऱ्या कोणी त्यात छेडछाड केली असेल आणि तो माणूस माझ्यासमोर येऊन तसं बोलला, तर शनिवारच्या शेवटच्या तुकडीत हिला बसवतो. नाहीतर विषय संपला."

त्या दिवशी मंगळवार होता.

"अहो," शर्मिष्ठा मला म्हणाली, "गंधारला बोलावून आणा. आणि वाटेत कोणाशी बोलत बसू नका."

२

गंधार सामंत मालवणातच भरड नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण त्याचा जीव कीबोर्डात. कचेऱ्यांनी भंगारात काढलेले जुने, वजनदार कीबोर्ड तो गोळा करतो. त्यातली एकेक कळ सोडवायची, कानाशी धरून दाबायची, चांगल्या आवाजाच्या एका डब्यात, खरखरणाऱ्या दुसऱ्या डब्यात. पोरगी बघायला गेला तेव्हाही त्याने त्यांच्या घरातला कीबोर्ड आधी दाबून बघितला, असं लोक सांगतात. लग्न काही जमलं नाही.

कावेरीसाठी त्याने जो बांधला, तो मात्र बघण्यासारखा होता. कुडाळच्या एमआयडीसीतून पोलादी पत्रा कापून आणला आणि त्यावर कळा बसवल्या. कावेरीच्या उजव्या करंगळीत लहानपणी शिंगाळा माशाचा काटा गेला होता, तेव्हापासून त्या बोटात जोर नाही. म्हणून त्या बोटाखाली हलक्या स्प्रिंगा, बाकी ठिकाणी जराशा कडक. वरच्या टोप्या कोऱ्या, एकही अक्षर नाही. आणि प्रत्येक कळ दाबली की टक् असा आवाज. कावेरी वेगात आली की आमच्या कौलांवर गारा पडल्यागत वाटायचं. बाकीच्यांचे कीबोर्ड बाजारातले रबरी, त्यांची नुसती पुटपुट.

गंधारने येऊन दोन कळा दाबल्या आणि तोंडच पाडलं. "आवाज मेलोहा," तो म्हणाला. मग त्याने तारेच्या आकड्याने एक टोपी उपटली, आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि ते माझ्या नाकापुढे धरलं.

खोबरेल तेल.

"माझ्या कळांका खोबरेल?" तो किंचाळला. "मी पुण्यासून ग्रीस मागवलंय, सुईच्या टोकान लायलंय! कोणी केला ह्या?"

आमच्या घरात खोबरेल तेलावर सगळं चालतं. देवापुढची समई, दाराच्या बिजागऱ्या, केस. शिवणयंत्राची लांब नाकाची बुदलीसुद्धा खोबरेलानेच भरलेली, आणि ती समईत तेल घालायला सोयीची म्हणून देवापाशीच ठेवलेली असते. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी क्लासात कीबोर्डांची पूजा करायची, असा शर्मिष्ठाचा रिवाज आहे. सगळे कीबोर्ड देवापुढे मांडायचे, फूल वाहायचं, आणि त्यानंतर परीक्षेपर्यंत कोणी कळेला हात लावायचा नाही, बोटांना विश्रांती. त्यामुळे सोमवारी संध्याकाळपासून कावेरीने कीबोर्ड दाबून पाहिलाच नव्हता.

"समई लवंडली असेल," मी म्हटलं.

"समई लवंडली तर तेल टोप्यांवर दिसेल, फुलांवर दिसेल," शर्मिष्ठा म्हणाली. "टोप्या कोरड्या आहेत. तेल फक्त आत आहे, आणि अक्षरांच्या प्रत्येक कळेत आहे. हे बुदलीचं नाक टोप्यांच्या फटीत घालून कोणीतरी सावकाश केलंय."

पूजेनंतर आम्ही सगळे अंगणात फणसाचे गरे खात बसलो होतो. त्या वेळात तिघं एकेकटी आत गेली होती: गंधार कीबोर्डांवर लाल कापड टाकायला, उर्वशी समईत तेल घालायला, आणि प्रितम देवापुढे डोळे मिटून बसायला. कावेरी उठलीच नव्हती.

मी मनातल्या मनात तिघांना आळीपाळीने तपासायला लागलो. बुदली तिघांच्याही हाताला लागत होती.

३

"तेल घातला तर आवाज बसतलो," गंधार म्हणाला. "पण बटणां अडकतली कित्याक? तेलान उलट सुटी होतली! आणि हयसर तर अडकतच नाय."

हे कोडं माझ्या डोक्यात शिरेना. गाडी घाटात बंद पडते आणि डेपोत आली की चालते, असं पुष्कळदा बघितलंय, पण तिथे ड्रायव्हरचा काही तरी डाव असतो.

शर्मिष्ठाने कीबोर्डाची वायर गुंडाळली, तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि फ्रिज उघडला. माझ्या सोलकढीचं पातेलं बाहेर काढून त्या जागी तिने कीबोर्ड ठेवला. आता हिचं डोकं फिरलं, असं मला वाटलं, पण सोलकढी आयती हाती आल्यामुळे मी गप्प राहिलो.

तेवढ्यात उर्वशी परसातून आत आली. फ्रिजकडे बघून ती सहज म्हणाली, "तेल गोठता काय बघतास? आमच्या आंबोलीत थंडीत रोज गोठता. बाटली उन्हात ठेवक लागता."

सगळे एकदम तिच्याकडे वळले. उर्वशीच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला.

तासाभराने कीबोर्ड बाहेर काढला. गंधारने कळ दाबली. ती खाली गेली आणि तिथेच बसली. टोपी उपटली तर आत पांढरं, मेणासारखं साचलेलं.

"त्या हॉलात एसी होतो!" कावेरी ओरडली. "तासभर बसवन ठेवलेल्यानी. माका हुडहुडी भरलेली!"

मालवणात मे महिन्यात खोबरेल तेल गोठेल, हे कोणाच्या स्वप्नात तरी येईल का? इथे माणसं वितळतात. हे ठाऊक असणारी आमच्यात एकच होती, तीही त्याच जागेसाठी परीक्षा देणारी, आणि सोमवारी बुदली हातात घेऊन देवापुढे बसलेली.

कावेरी उठून उर्वशीसमोर उभी राहिली. "एका ताटात जेवलंव गो आपण," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून चालती झाली.

४

बुधवारी सकाळी उर्वशीने पिशवी भरायला घेतली. मला ते पटण्यासारखं वाटलं. पकडलेला प्रवासी पुढच्या थांब्यावर उतरायलाच बघतो.

"पिशवी ठेव," शर्मिष्ठा तिला म्हणाली. "मी सांगेपर्यंत या घरातून कोणी जायचं नाही."

"काकू, माझ्यावर तुमचोही इश्वास नाय?"

"माझा कोणावरच विश्वास नाही. यांच्यावरसुद्धा नाही," आणि तिने माझ्याकडे हात केला. "सोमवारी हेसुद्धा पाणी प्यायला आत गेले होते."

घ्या! चाळीस वर्षांच्या संसारात हे मिळवलं मी.

मग तिने प्रितमला आचऱ्याहून बोलावून घेतलं. प्रितम हुशार मुलगा, बोटं झरझर चालणारी, पण भित्रा. शेजारी कोणी टाइप करायला लागलं की याची बोटं त्याच्या तालावर जायची आणि चुका व्हायच्या. यामुळेच तो आधी दोनदा नापास झाला होता. कावेरीचा कीबोर्ड क्लासात आल्यापासून तर तो शर्मिष्ठाच्या वातींच्या डब्यातला कापूस कानात कोंबूनच बसायचा. मंगळवारी सकाळी निघताना तिने डबा त्याच्यापुढे धरला होता, आणि तो म्हणाला होता, "आज नको, काकू." धीट झाला म्हणून मी त्याची पाठ थोपटली होती.

"प्रितम, हॉलात तू कावेरीच्या बरोबर मागे होतास ना?" शर्मिष्ठाने विचारलं.

"होय. नंबर लागोपाठ मां आमचे. ता हॉलतिकिटारच होता."

"तुझा पेपर कसा गेला?"

"बरो गेलो. म्हणजे, तेच्या आवाजान सुरवातीक त्रास झालो थोडो. तुमका म्हायत आसा मां, कसो कडाकडा वाजता तो. पण निभावलंय."

"आणि तेल कोणी घातलं असेल?"

त्याने आतल्या खोलीकडे, उर्वशी होती तिकडे नजर टाकली आणि खाली मान घातली. "मी कशाक कोणाचा नाव घेव?"

बिचारा. मला तर त्याचा मोठेपणाच वाटला.

गंधारवरही माझी नजर होतीच. कावेरीला ओरोसला नोकरी लागली तर ती तिकडेच राहणार, आणि गंधार तिच्या त्या कीबोर्डापायी रोज क्लासात यायचा, ते काय नुसत्या कळा तपासायला? मी हे शर्मिष्ठाला सांगितलं.

"त्याला बिघडवायचा असता तर आतली एक तार सोडून दिली असती," ती म्हणाली. "कोणाला कळलंही नसतं. स्वतःच्या हाताने सुईच्या टोकावर ग्रीस लावणारा माणूस वर खोबरेल ओतेल? तुम्ही आपल्या सोलकढीत ओताल का रॉकेल?"

दुपारी तिने कावेरीला निरोप धाडून बोलावलं आणि एकच गोष्ट विचारली: त्या एसीच्या हॉलात परीक्षा आहे, हे तुम्हाला कधी कळलं?

"थंय गेल्यार," कावेरी म्हणाली. "हॉलतिकिटार शाळेचो हॉल होतो. गेटार शिपाई म्हणालो, थयसर वायरिंग जळला, सगळ्यांनी नव्या इमारतीत चला."

शर्मिष्ठाने समाधानाने हात पुसले आणि भाकरी थापायला गेली. मी मागे मागे जाऊन विचारलं, तर म्हणाली, उद्या.

५

गुरुवारी संध्याकाळी तिने सगळ्यांना क्लासात बसवलं. मधल्या टेबलावर कावेरीचा कीबोर्ड, शेजारी बुदली, वातींचा डबा आणि सुयांची गादी. कावेरी आणि उर्वशी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

"तेल गोठवून परीक्षा बुडवायची, असा उर्वशीचा डाव होता, असं तुम्हाला सगळ्यांना वाटतंय," शर्मिष्ठाने सुरुवात केली. "पण सोमवारी संध्याकाळी कोणालाही एसी ठाऊक नव्हता. शाळेच्या हॉलात पंखे आहेत. तिथे मे महिन्यात तेल गोठलं नसतं. मग ज्याला कीबोर्ड अडकवायचा आहे, त्याने खोबरेल का घालावं? उर्वशीने तर मुळीच नाही. तेल कुठे गोठतं आणि कुठे नाही, हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा बरं कळतं."

उर्वशीने डोळ्यांना पदर लावला.

"म्हणजे गोठणं हा अपघात. घालणाऱ्याला ते नकोच होतं. मग पंख्याच्या हॉलात या तेलाने काय झालं असतं?"

"आवाज गेलो असतो," गंधार हळूच म्हणाला. "तेवढाच."

"तेवढंच. तर हा आवाज कोणाला नको होता?"

वातींचा डबा टेबलावर कशासाठी आहे, ते मला आत्ता कळलं.

"प्रितम, क्लासात तू कापसाशिवाय कावेरीच्या जवळ एक दिवस बसला नाहीस. परीक्षेत ती तुझ्या बरोबर पुढे असणार, हे तुला हॉलतिकिटावरून ठाऊक होतं. आणि मी डबा पुढे केला तर नको म्हणालास."

"परीक्षेत कापूस चालणा नाय, काकू."

"गेल्या वर्षी चालला. मीच दिला होता."

"मगे धीर केलंय मी! त्रास झालो तरी निभावलंय, सांगलंय मां तुमका?"

"सांगितलंस. कडाकडा वाजत होता म्हणालास." आणि इथे शर्मिष्ठा मालवणीवर आली. "अरे, तो पयल्या अक्षरापासून मुको होतो! कावेरीक सोताक ऐकाक येय नाय होतो, आणि तुका मागे बसान कडाकडा ऐकाक इलो? त्रास कसलो झालो तुका? आमच्या मनात येव नये म्हणान तू खोटा बोललंस!"

प्रितमचं तोंड पांढरं पडलं. तरी तो म्हणाला, "ह्येका काय पुरावो? कोणी बघल्यानी काय माका?"

खरं होतं, कोणी बघितलं नव्हतं. आणि तो स्वतः साहेबासमोर बोलल्याशिवाय शनिवार कावेरीचा होणार नव्हता. बोलला तर त्याची स्वतःची परीक्षा जाणार. मी त्याच्या जागी असतो तर तोंड मिटूनच बसलो असतो, आणि तोही तसाच बसला.

तेव्हा कावेरी उठली. गादीतली एक सुई घेऊन तिने उजव्या करंगळीच्या टोकात सरळ खुपसली. रक्ताचा थेंब आला. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"बघ," ती म्हणाली. "दुखाक नाय. शिंगाळ्याच्या काट्यापासून ह्या बोटात काय एक कळणा नाय. जोर नाय ता सगळ्यांका म्हायत आसा, पण ह्या मी काकूक आणि गंधाराकच सांगलेलंय. बटण खाली गेला काय नाय, ता माका टक् वाजला कायच कळता. माझी हौस वाटली तुका? तो आवाज म्हणजे माझा बोट, प्रितम. तू माझा बोट कापलंस."

प्रितम त्या रक्ताच्या थेंबाकडे बघत राहिला. मग दोन्ही हातांत तोंड लपवून तो रडायला लागला.

"माका म्हायत नव्हता," तो म्हणाला. "देवाशपथ म्हायत नव्हता. माका वाटला, जरा गप होयत, तेका काय फरक पडाचो नाय. तिसऱ्यांदा नापास झालंय असतंय तर बापाशीक तोंड दाखवूक येय नाय होता."

"तेल घातलंस ते घाबरून," शर्मिष्ठा म्हणाली. ती पुन्हा मराठीत आली होती, पण आवाज थकलेला होता. "त्याची मी तुला माफी दिली असती. पण आपला डाव कावेरीवर उलटला हे मंगळवारीच कळलं होतं तुला, आणि काल तू उर्वशीच्या खोलीकडे बघितलंस. ते घाबरून नव्हतं."

त्याने नाक पुसून विचारलं, "ओरोसची पयली गाडी कितक्याक आसा, काका?"

एसटीचं वेळापत्रक मला झोपेतही पाठ असतं. त्या क्षणी मात्र मला सांगता येईना.

६

शुक्रवारी प्रितम शर्मिष्ठाबरोबर ओरोसला गेला आणि साहेबासमोर सगळं बोलला. साहेबाने त्याची परीक्षा रद्द केली आणि कावेरीचं नाव शनिवारच्या यादीत घातलं. मला त्या मुलाचा राग होता तो होताच, पण मी स्टँडवर त्यांना घ्यायला गेलो तेव्हा बसमधून उतरून तो आचऱ्याच्या थांब्याकडे एकटा चालत गेला, ते बघून जीव कळवळला.

त्या रात्री गंधारने एकेक कळ सोडवली, धुतली, पुसली आणि पुन्हा ग्रीस लावलं. कावेरी आणि उर्वशी दोघी टोप्या पुसायला बसल्या होत्या. कावेरीने माफी कशी मागितली ते मला ठाऊक नाही. मी चहा घेऊन गेलो तेव्हा उर्वशी तिच्या करंगळीला पट्टी बांधत होती आणि "अशी सुई कोण मारून घेता गो, वेडी काय तू," म्हणून तिच्यावर ओरडत होती.

शनिवारी आम्ही सगळे ओरोसला गेलो. तोच हॉल, तोच एसी. दार बंद झालं आणि आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. गंधार नखं खात होता. मी त्याच्यावरही संशय घेऊन चुकलो होतो.

मग आतून आवाज आला. आधी चाचपडत, एक टक्, दोन टक्. मग सर धरली. बंद दारातून तो व्हरांडाभर ऐकू येत होता, आणि दारावरचा शिपाई कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काय चलला हा ह्या आत?"

तेव्हाच मला गेटापाशी प्रितम दिसला. कधी आला होता कोण जाणे. शर्मिष्ठाने त्याला हाताने जवळ बोलावलं, पण तो आला नाही. दोन्ही हात खाली सोडून तो तिथूनच ऐकत उभा राहिला, आणि आवाज थांबेपर्यंत हलला नाही.

दार उघडलं. कावेरी कीबोर्ड छातीशी धरून बाहेर आली, पट्टी बांधलेली करंगळी तशीच ताठ. उर्वशी पुढे धावली. कसा गेला म्हणून कोणी विचारायच्या आत कावेरीच म्हणाली:

"सगळा ऐकाक इला, काकू. एक एक अक्षर ऐकाक इला."